एडी करंटने सॉफ्ट स्पॉट कसा पकडायचा

हिंगणा एमआयडीसीत पिना-शाफ्ट हार्डनिंग करणाऱ्यांना सांगतो, रॉकवेल (कडकपणा मोजायची टेस्ट) फक्त ठोकलेल्या जागेचंच सांगतो, बाजूला नरम डाग असला तर तो निसटतो. एडी करंटमध्ये कॉइलला एसी (अल्टरनेटिंग करंट) दिला की स्टीलमध्ये भोवऱ्यासारखा करंट फिरतो, आणि नरम जागेची पारगम्यता (चुंबकत्व किती सहज आत शिरतं ते) वेगळी म्हणून सिग्नल हलतो.

आधी त्याच ग्रेडचे, त्याच साइजचे 10-15 चांगले पीस घ्या, सोबत रॉकवेलवर तपासलेले दोनतीन नरम, त्यावर मशीन सेट करा. पीस डिमॅग्नेटाइज कराच, मॅग्नेटिक चकवरचं (पीस चुंबकाने धरणारं साधन) उरलेलं चुंबकत्व रीडिंग पार बिघडवतं. मग पीस हळू फिरवायचा, प्रोबचं (कॉइल असलेल्या टोकाचं) पीसपासूनचं अंतर अजिबात बदलू द्यायचं नाही, स्क्रीनवरचा ठिपका एका जागी सरकला की तिथे खडूने खूण आणि लगेच रॉकवेल, कारण हे मशीन तुलना करतं, एचआरसी (रॉकवेलचा कडकपणाचा आकडा) सांगत नाही. खोलवर बघायचं तर कॉइलच्या एसीची फ्रिक्वेन्सी कमी करा.

आणि आपल्या नागपूरचा मे महिना लक्षात ठेवा भाऊ, एसी रूममधला मास्टर पीस (ज्यावर मशीन सेट केलं तो) आणि 45 डिग्रीत शेडमध्ये तापलेला जॉब कधीच सोबत लावू नका, दोन्ही रात्रभर एकाच जागी ठेवा.