विभागाच्या सर्व्हरवर स्वतःचं पान: आधी दारं तपासा

आमच्या विभागाचा लिनक्स सर्व्हर मी अकरा वर्षं सांभाळते आहे. नवीन मुलांना खातं मिळालं की आठवड्याभरात कुणीतरी येतंच, "मॅडम, वेबपान टाकलंय, पण दिसत नाही." बहुतेक वेळा घोळ परवानग्यांचा, म्हणजे फाइल कुणी वाचायची आणि कुणी बदलायची याचा असतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी सर्व्हरच्या ॲडमिनला विचारा, अपाचेमधलं (अपाचे म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम) 'युजरडिर' चालू आहे का. ते चालू असलं की पत्त्यात टिल्डची नागमोडी रेघ आणि पुढे तुमच्या खात्याचं नाव आलं, की अपाचे तुमच्या होममधल्या, म्हणजे सर्व्हरवरच्या तुमच्या खात्याच्या मुख्य फोल्डरमधल्या, 'पब्लिक_एचटीएमएल' या फोल्डरमध्ये बघतो. हे फोल्डर बहुधा तुम्हालाच बनवावं लागतं. एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड चालवण्याची सुरक्षित सोय) लॉगिन करा, 'एमकेडिर' या कमांडने फोल्डर करा आणि त्यात 'इंडेक्स.एचटीएमएल' ठेवा. नावं इंग्रजीत, सगळी छोट्या अक्षरांत.

आता परवानग्या. गेल्या वर्षी पीएचडीची एक मुलगी अख्खी दुपार ४०३च्या, म्हणजे 'पान बघायला मनाई'च्या एररशी झगडत बसली होती. वैतागून तिने पानाला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, असं लावलं, तरी ४०३च. मी तिच्या होमवर परवानग्या दाखवणारी 'एलएस -एलडी' ही कमांड मारली. समोर आलं डी, आर, डब्ल्यू, एक्स आणि पुढे नुसत्या सहा आडव्या रेघा, म्हणजे मालकाशिवाय कुणालाच परवानगी नाही. म्हणजे आतली खोली सताड उघडी आणि वाड्याच्या दिंडी दरवाजालाच कुलूप! अपाचे सर्व्हरवर स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालतो, त्यामुळे तुमच्या होमसाठी तो परकाच. त्याला आत शिरू द्यायला हवं.

आकडे असे वाचा: पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. ४ म्हणजे वाचणं, २ म्हणजे लिहिणं, १ म्हणजे फोल्डर ओलांडून पुढे जाणं. हव्या त्यांची बेरीज करायची, म्हणजे ७ म्हणजे तिन्ही. परवानग्या बदलणाऱ्या 'सीएचमॉड' कमांडने होमला ७११, पब्लिक_एचटीएमएलला ७५५ आणि आतल्या फायलींना ६४४ लावा. ७११ने परक्याला पुढे जाता येतं, पण घरात काय काय आहे याची यादी मिळत नाही. मात्र एखाद्या फायलीचं नाव त्याला माहीत असेल आणि ती वाचायला खुली असेल, तर तो ती उघडू शकतो. म्हणून थिसिसचा मसुदा, मार्कांच्या याद्या असल्या खाजगी फोल्डरांना त्याच वेळी ७०० लावून टाका.

७७७ कधीच लावू नका. या सर्व्हरवर तुमच्यासारखीच इतरांची खाती आहेत, त्यातलं कुणीही मग तुमचं पान बदलू शकतं. चुकून बदललं गेलं तरी तुम्हाला कळणार नाही.

विंडोजवरून फायली चढवायला विनएससीपी किंवा फाइलझिला चालेल. एसएफटीपी निवडा, साधं एफटीपी नको, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. घरच्या लॅपटॉपवर दिसणारा फोटो इथे गायब झाला, तर नाव बघा. लिनक्सला 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत आणि छोट्या अक्षरांत ही दोन वेगळी नावं वाटतात. मराठी मजकूर असेल तर फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा आणि पानाच्या एचटीएमएलमधल्या हेड भागात तसा मेटा चारसेटही (अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी ओळ) लिहा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

फोटो चढवण्याआधी लहान करा. पानावर दाखवायला १२०० पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली. आमच्याकडे कोटा, म्हणजे प्रत्येक खात्याला जागेची मर्यादा, नव्हता तेव्हा एकदा एकाच खात्यातल्या व्हिडिओंनी अख्खी डिस्क भरली, आणि रात्रभर चाललेल्या दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमना निकाल लिहायला जागाच उरली नाही. सकाळी त्या मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

सगळं झालं की मोबाइलचं वायफाय बंद करून पान उघडून बघा. कॅम्पसमध्ये दिसणारं पान बाहेरून दिसेलच असं नाही, कधी कधी मध्ये बाहेरची ये-जा अडवणारी फायरवॉल असते.

पानातल्या लिंक देताना टिल्डसकट पूर्ण पत्ता लिहू नका, शेजारच्या फायलीचं नुसतं नाव द्या. पदवी झाल्यावर खातं बंद होतं. त्याआधी पूर्ण पब्लिक_एचटीएमएल उतरवून घ्या. लिंक अशा दिलेल्या असल्या, तर ते फोल्डर दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर जसंच्या तसं चालतं.