चादरीवरची नक्षी मातीवर उतरवताना

अनेक वर्षांनी पुन्हा मातीकडे वळणाऱ्याने सुरुवात मोठ्या माठापासून न करता एखाद्या रुंद, उथळ थाळीपासून करावी, कारण तिच्यावर हाताचा सरावही परततो आणि नक्षीला मोकळी जागाही मिळते. सोलापूरकडची काळी माती वाळताना फार आकसते आणि तडकते. म्हणून तिच्यात तांबडी माती व चाळलेली बारीक रेती मिसळून आधी लहान तुकडा वाळवून पाहावा.

नक्षीसाठी घरातली सोलापुरी चादर समोर पसरावी. जॅकार्ड मागावरची, म्हणजे नक्षीप्रमाणे ठरावीक उभे धागे उचलून विणणाऱ्या मागावरची, ही नक्षी उभ्या-आडव्या धाग्यांच्या चौकटीत पायरीपायरीने चढते, आणि हीच शिस्त मातीला उत्तम मानवते, असे माझे ठाम मत आहे. चौकटीच्या कागदावर एकच आकृती उतरवून घ्यावी. थाळीच्या काठाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून, नंतर ती दुमडून १६ समान भाग पाडावेत आणि प्रत्येक घडीपाशी काठावर सुईने हलकी खूण करावी, म्हणजे शेवटची आकृती पहिलीला न चेपता भेटते.

थाळी दाबल्यावर वाकत नाही, पण नखाची खूण घेते, अशा बेताला तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यावा आणि लेपाची चमक गेल्यावर रेषा कोरून खालची माती उघडी करावी. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात हा बेत लवकर निघून जातो, त्यामुळे थाळी ओलसर सुती कापडाखाली ठेवून एकेक भागच उघडावा. सावलीत पूर्ण वाळल्यावर, ओल संपेपर्यंत भट्टीची आच मंद ठेवून, मग ती सुमारे ९५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी.