जुन्या फायरप्लेसच्या धुराड्यातली लपलेली पडझड कशी शोधावी आणि कशी दुरुस्त करावी

धुराडं झाडून घेतलं, वर कबुतरांसाठी जाळी बसवली की फायरप्लेस पेटवायला हरकत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ऐकू नका. झाडल्यानं काजळी जाते, भिंतीच्या पोटातली भेग तशीच राहते. उलट इतकी वर्षं काजळीनं बुजलेली भेग झाडल्यावर मोकळी होते.

ग्वाल्हेरला जानेवारीत पारा एक आकडी झाला की जुन्या घरांतून ही हौस उसळते. मुरारला १८८६ पर्यंत इंग्रजांची छावणी होती. तिथले जुने बंगले असोत की लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागातले वाडे, पुष्कळ ठिकाणी रचना एकच असते: खाली दिवाणखान्यात एक फायरप्लेस, तिच्या बरोबर वर झोपायच्या खोलीत दुसरी, आणि दोघींना मिळून एक धुराडं. आमच्या आणि नातेवाइकांच्या घरची अशी धुराडी मी बरीच वर्षं उघडत आले आहे. त्यावरून सांगते, बाहेरून दिसणारी पडझड गवंड्यावर सोडली तरी चालेल. जीव घेते ती आतली, न दिसणारी.

काम नवरात्राच्या सुमाराला काढा. पावसाळ्यात भिंत ओली असते आणि मे महिन्यातल्या लूमध्ये चुना धरायच्या आत वाळून भुगा होतो. दसऱ्याच्या आसपास चुना लागला की डिसेंबरच्या थंडीपर्यंत त्याला पुरेसा वेळ मिळतो.

झाडण्याचं काम सोपं आहे. फक्त आत डांबरासारखा चकचकीत थर असेल तर तो ब्रशनं निघत नाही, खरवडूनच काढा. पेट घेतो तो हाच थर, आणि धुराड्यातली आग हजार अंशांच्याही पुढे जाऊ शकते.

आता भिंतीकडे बघा. वरच्या खोलीत धुराड्याच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग आहेत का? दर श्रावणात ते गडद होतात का? त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातल्या कपड्यांना काजळीचा वास येतो का? काजळीतले क्षार गिलाव्यात उतरतात आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून रंग काढला तरी डाग परत येतो. असा डाग म्हणजे आतून काहीतरी झिरपत असल्याची खूण. त्यावर पुट्टी मारणं म्हणजे ती खूण स्वतःच्या हातानं पुसणं.

खरी अडचण: मधली पडदी

एका धुराड्यात दोन फायरप्लेससाठी धुराच्या दोन वेगळ्या नळ्या असतात तेव्हा त्यांच्यामध्ये अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची पडदी असते. घरातल्या कुठल्याच खोलीतून ती दिसत नाही. दोन्ही बाजूंनी धूर, वरून पाऊस, आणि काजळीत मुरलेलं पाणी दरजांमधला चुना खात राहतं. विटा नुसत्या एकमेकींवर टेकून उभ्या राहतात. मग खालच्या फायरप्लेसचा धूर पडदीतून वरच्या नळीत शिरतो आणि वरच्या खोलीत उतरतो.

आमच्या घरी हे झालं तेव्हा वरच्या खोलीत आत्या झोपायची. तिथली फायरप्लेस कित्येक वर्षं बंद होती, तिच्या तोंडाशी लाकडी फळी उभी केलेली. खाली आम्ही उशिरापर्यंत शेकत बसलो आणि सकाळी आत्याचं डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या. सगळ्यांनी आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष दिला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा कुठे मी फळी काढून आत हात घातला, तर आतली वीट कोमट! खोलीत धूर दिसला नव्हता, वासही आला नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. आत्या वाचली, कारण तिच्या खिडकीचं एक तावदान फुटलेलं होतं. त्या दिवसापासून पडदी तपासल्याशिवाय मी कोणाच्याही घरात काडी लावू देत नाही.

तपासायच्या दोन रीती आहेत. दोन्ही करा, एकीवर विसंबू नका.

पहिली धुराची. दिवसा करा, आणि एरवी घरात कोणी नको. खालच्या फायरप्लेसमध्ये आधी दोन-चार वर्तमानपत्रं जाळून नळी गरम करा. मग घमेल्यात गोवरीचे निखारे, वर ओला कडुलिंबाचा पाला. गच्चीवरून धूर नीट येऊ लागला की खालच्या फायरप्लेसचं तोंड पत्र्यानं झाका आणि गच्चीवर त्याच नळीचं तोंड ओल्या गोणपाटानं बंद करा. दुसरं तोंड उघडंच ठेवा. त्या उघड्या तोंडातून धूर आला तर पडदी फुटली आहे, यात शंका ठेवू नका. गच्चीवर एक माणूस, खोल्यांतून फिरायला टॉर्च घेतलेला एक. पाच मिनिटांत फेरी आटपा, गोणपाट काढा, सगळ्या खिडक्या उघडा. बंद नळीखाली निखारे ठेवून पाहत उभं राहायचं नाही.

दुसरी रीत उजेडाची. अमावास्येच्या आसपासच्या रात्री दोरीला दर फुटावर गाठ मारा, टोकाला जोरदार एलईडी टॉर्च बांधा आणि गच्चीवरून खालच्या फायरप्लेसच्या नळीत हळूहळू सोडा. दुसऱ्यानं वरच्या फायरप्लेसमध्ये उताणं पडून तिच्या नळीत वर बघायचं. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे थांबा, गाठी मोजा, लिहून ठेवा. धूर सांगतो की फुटलंय, उजेड सांगतो कुठे. ही मोजणी हातात असल्याशिवाय भिंतीला हात लावू देऊ नका, नाहीतर गवंडी अंदाजानं सगळी भिंत उकरतो.

खिडकी पाडून दुरुस्ती

मोजलेल्या उंचीवर, वरच्या खोलीच्या बाजूनं, धुराड्याच्या भिंतीत दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच खिडकी पाडा. एकेक वीट सोडवून काढा आणि जपून ठेवा. नुकसान लांबवर असेल तर दुसरी खिडकी तीन-चार फूट सोडून, आणि पहिलीचं काम वाळल्यावरच.

इथे छिन्नी आणि हलका हातोडा, दुसरं काही नाही. वेळ वाचवायला मी एकदा ड्रिल मशीन लावू दिलं. त्या हादऱ्यानं पडदीच्या सहा विटा निसटल्या आणि खाली नळीच्या वळणावर अडकल्या. त्या काढायला दिवाणखान्यातून आणखी एक भोक पाडावं लागलं. तेव्हापासून ड्रिल घरातच येऊ देत नाही.

सुटलेला चुना इंचभर खोल खरवडून काढा, दरजा पाण्यानं भिजवा आणि भरा. कशानं भरायच्या यावर तुमचा गवंड्याशी वाद होणार. तो सिमेंट म्हणेल. ऐकू नका. सिमेंट जुन्या मऊ विटेपेक्षा कडक असतं, वीट तापून फुगली-आकसली की शेजारी नवी भेग पडते. शिवाय साधं सिमेंट फार तापलं की आतून ठिसूळ होत जातं. मी एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग बारीक चाळलेली, आमच्याकडच्या सिंध नदीची वाळू घेते. भाजलेल्या विटेची भुकटी म्हणजे सुरखी, आणि तिच्यामुळेच हवा न पोचणाऱ्या जागीही चुना धरतो. दरजा भरल्यावर पडदीला दोन्ही अंगांनी याच मिश्रणाचा अर्धा इंच गिलावा, हात पोचेल तिथवर. हात पोचत नसेल तर आणखी एक खिडकी. काठीला फडकं बांधून आत चुना फासणारे कारागीर पाहिले आहेत, ते काम पहिल्या थंडीतच गळून खाली पडतं. गिलाव्यावर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा, आणि मग किमान महिनाभर आग नाही.

पडदी हातभरापेक्षा जास्त कोसळली असेल तर चुन्याच्या मागे लागू नका. प्रत्येक नळीत स्टेनलेस स्टीलचा वेगळा पाइप सोडा, ३१६ ग्रेडचा. दुकानदार सहा इंची पाइप काढून देईल, तो घेऊ नका. नळीचा छेद फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण एक दशांश हवा. तोंड ३० बाय २८ इंच असेल तर ८४ चौरस इंच, म्हणजे साडेदहा इंच व्यासाचा पाइप. सहा इंची पाइपनं सगळा धूर दिवाणखान्यात येईल. तेवढा पाइप नळीत मावत नसेल तर पडदीच नव्यानं बांधावी लागेल.

खिडकी उघडी आहे तोवर धुराड्याच्या भिंतीत तुळईचं टोक शिरलेलं आहे का, तेही बघा. वर्षानुवर्षं तापलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेवर पेट घेतं. टोक सापडलं तर आग बंद, आणि आधी इंजिनिअरला बोलवा. तुळई कापणं हे गवंड्याचं काम नव्हे.

खालची भट्टी, म्हणजे आग पेटते ती जागा, फायर ब्रिक आणि फायर क्लेनं, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा आणि मातीनं सांधा. गच्चीवर धुराड्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, वर टोपी आणि जाळी बसवा. धुराड्याशेजारी नंतर खोली किंवा पाण्याची टाकी उठली असेल तर धुराडं तिच्यापेक्षा दोन फूट उंच करा, नाहीतर वारा धूर खाली ढकलतो.

महिन्यानंतर उजेडाची परीक्षा पुन्हा घ्या. मग खिडक्या त्याच जुन्या विटांनी, त्याच चुन्यात बंद करा. एक मात्र विटांऐवजी दगडी फरशीनं बंद करा, कडा चुन्यानं पक्क्या बुजवून, म्हणजे पुढच्या वेळी तेवढी फरशी काढली की पडदी समोर. वरच्या झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, खालच्या खोलीत नंतर लावला तरी चालेल. पहिले तीन दिवस अर्धा तास बारीक काटक्यांची आग. चौथ्या दिवशी दोन वाळलेली बाभळीची लाकडं, आणि त्या रात्री वरच्या खोलीत कोणाला झोपवू नका.