उलटा त्रिकोण मुलांना ओळखू का येत नाही? बालवाडीत आकार शिकवताना या चुका टाळा

मोठ्या गटातल्या पाच वर्षांच्या मुलाला टोक खाली असलेला त्रिकोण दाखवा आणि विचारा, हे काय आहे? बरीच मुलं गोंधळतात. काही "उलटा त्रिकोण" म्हणतात आणि काही ठामपणे सांगतात, हा त्रिकोण नाहीच. लांबट, अरुंद, एका अंगाला कललेला त्रिकोण पुढे केला तर नकार आणखी पक्का होतो. मग मोठी माणसं म्हणतात, याला अजून आकार येत नाहीत.

हे वाक्य मला मान्य नाही. त्या मुलाने जे पाहिलं, ते चोख लक्षात ठेवलं आहे. भिंतीवरच्या तक्त्यात, फळ्यावर, पुस्तकात त्याला एकच त्रिकोण भेटला. तिन्ही बाजू सारख्या, तळ आडवा, टोक वर. पिएर व्हॅन हीले आणि दीना व्हॅन हीले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली मुलांच्या भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. त्यातल्या पहिल्या पायरीवर मूल आकार एकंदर दिसण्यावरून ओळखतं. बाजू किती, कोपरे किती, हे सुटं करून पाहणं ही पुढची पायरी. ती पायरी नुसतं वय वाढल्याने चढता येत नाही, त्यासाठी तसे अनुभव मिळावे लागतात. म्हणजे मूल अडलं असेल, तर आपण त्याच्यापुढे काय ठेवलं ते आधी तपासायला हवं. खाली ज्या चुका सांगते आहे, त्या सगळ्या या एका गोष्टीतून निघतात.

पहिला धडा भिंतीवर

तक्त्याला वर आणि खाली असतं, जमिनीला नसतं. म्हणून नवा आकार पहिल्यांदा जमिनीवर काढावा. खडूने, रांगोळीने किंवा रंगीत चिकटपट्टीने. सतरंजी गुंडाळून चांगला चार फुटांचा त्रिकोण काढा आणि मुलांना त्याच्या भोवती बसवा. एकीला टोक आपल्याकडे आलेलं दिसतं, तिच्या समोरच्याला आडवी बाजू दिसते, तिसऱ्याला तोच त्रिकोण कललेला वाटतो. आता सगळ्यांना जागा बदलायला सांगा. आकार तसाच राहिला, आपण हललो, हे मुलांना न सांगता कळतं. मग एकेकाने रेषेवरून चालायचं. कोपरा आला की थांबायचं, एक टाळी वाजवायची, वळायचं. बाजूच्या मधून निघालेलं मूल तीन टाळ्या वाजवून परत जागेवर येतं. चौकोनावर चार टाळ्या होतात, वर्तुळावर एकही नाही. "वर्तुळाला कोपरा नाही" हे पाठ करून घ्यायची मग गरजच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचे त्रिकोण हातात द्या. मिठाईचे खोके आणि जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम. त्यात अरुंद हवा, बुटका हवा, कललेला हवा आणि कंपासपेटीतल्या गुण्यासारखा काटकोनीही हवा. सगळे एकाच रंगाचे ठेवा.

एवढ्यावर थांबलं तर काम अर्धंच होतं. त्रिकोण *नसलेले* तुकडेही त्याच ढिगात मिसळावे लागतात, आणि हे फार कमी वर्गांत होताना दिसतं. घडीच्या पोळीची घडी घ्या. पहिल्या नजरेत ती त्रिकोणी दिसते, दोन कडा सरळ असतात, पण तिसरी कड बाहेर फुगलेली असते. डब्यातली पोळी उघडून "हा त्रिकोण आहे का?" असं विचारलं, की वर्गात खरी चर्चा सुरू होते. "नाही, ही बाजू पोटासारखी आहे" असं चार वर्षांचं मूल म्हणालं, की ते दिसण्याकडून गुणधर्माकडे सरकलं असं खुशाल समजा. तसाच एक कोपरा उघडा राहिलेला त्रिकोण काढा, एक टोकं घासून गुळगुळीत केलेला कापा. आहे की नाही, हे मुलांनीच ठरवू दे.

काड्यांचा खेळही याच्याच जोडीचा. खराट्याचे हीर कमीजास्त लांबीचे तोडून, टोकं बोथट करून द्या. तीन काड्यांचा त्रिकोण करायचा. कुणाकडे एक लांब आणि दोन अगदी आखूड काड्या येतात, आणि काही केल्या टोकं जुळत नाहीत. त्या दोन आखूड काड्यांची लांबी मिळूनही लांब काडीएवढी होत नाही, म्हणून आकार बंदच होत नाही. हा नियम पुढे वरच्या वर्गात येईल. आत्ता मुलाने "मला मोठी काडी हवी" एवढं म्हटलं तरी भरपूर झालं.

उलट्या त्रिकोणाची भीती घालवायला आपल्या नाशिक जिल्ह्यासारखी जागा नाही. पेठ, सुरगाण्याकडे वारली वस्ती आहे, आणि वारली चित्रातलं माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा, छातीचा, त्रिकोण टोक खाली करून उभा असतो. गेरूच्या रंगाच्या कागदावर मुलांना पांढऱ्या त्रिकोणांचे तुकडे चिकटवून माणसं करायला द्या. नाचणारं माणूस करताना त्रिकोण तिरके होतात, वाकतात, आणि तरी त्रिकोणच राहतात.

चौरस फिरवला आणि "डायमंड" झाला

ही चूक मुलांपेक्षा मोठ्यांच्या तोंडी जास्त असते. चौरस कोपऱ्यावर उभा केला की आपणच त्याला दुसरं नाव देतो, आणि मुलाला वाटतं की आकार फिरवला की बदलतो. नंतर ही समजूत पुसताना वर्ष जातं.

संक्रांतीच्या आसपास हा विषय घ्या. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांची धूम असते, आणि नाशिकच्या गच्च्याही मागे नसतात. आपल्याकडचा साधा पतंग बहुधा चौरसाच्या अगदी जवळ जाणाऱ्या कागदाचा असतो. कामट्या न लावलेला पतंगाचा चौरस कागद मुलांच्या हाती द्या. सरळ धरा, हळूहळू फिरवा, कोपऱ्यावर उभा करा. "आता बाजू बदलल्या का? कोपरे वाढले का?" उत्तर मुलांकडून येऊ द्या.

खरा तिरका आकार वेगळा, आणि त्याची ओळख आपल्या दिवाळीच्या डब्यात आहे. शंकरपाळी! चारही बाजू सारख्या, पण कोपरे दोन टोकदार आणि दोन पसरट. चौरस आणि शंकरपाळी यांतला फरक दाखवायचा तर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी घरोघरी पोचवलेली युक्ती वापरा. काडेपेटीच्या काड्यांचा गुल काढून टाका आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी चार काड्या जोडा. चौरसाला बोटाने जरा ढकललं की त्याची शंकरपाळी होते. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र ढकलून हलत नाही. जोडणी ताईंनीच करावी. ट्यूबचे तुकडे बारीक असतात आणि लहान गटातली मुलं काहीही तोंडात घालतात.

चौकोन, चौरस, आयत

घरी आणि वर्गात आपण चौरसाला सर्रास "चौकोन" म्हणतो. मग आयत दाखवला की मूल बरोबरच "चौकोन" म्हणतं आणि आपण त्याला चूक ठरवतो. चार सरळ बाजूंचा कुठलाही बंद आकार चौकोन, हे मोठ्यांनी आधी स्वतःशी पक्कं करावं. बालवाडीत "प्रत्येक चौरस हा आयतही असतो" हे शिकवायची घाई नको. पण "चौरस म्हणजे आयत नाही" असं खोटं वाक्यही शिकवू नका, पुढच्या शिक्षकांना ते खोडत बसावं लागतं. "याच्या चारही बाजू सारख्या आणि चारही कोपरेही सारखे आहेत, म्हणून याला चौरस म्हणतात" एवढं पुरतं.

फरक हाताने दाखवता येतो. वहीचा कागद एका कोपऱ्यातून तिरका दुमडा. बाजूला एक पट्टी उरते. ती फाडली आणि घडी उलगडली की चौरस. कागदाचे खेळ करणाऱ्या घरांत हे मुलांनी पाहिलेलं असतंच, फक्त त्याचं नाव सांगायचं राहिलेलं असतं.

चेंडूला वर्तुळ म्हणणं

चेंडू, लाडू, बांगडी, ताटली हे सगळं आपल्याला "गोल". काडेपेटी म्हणजे "आयत". वस्तू आणि तिची कड यांची इथे सरमिसळ होते. पांडवलेणीचा डोंगर महामार्गावरून पाहून मूल "त्रिकोण!" म्हणालं तर रागावू नका, त्याने बाह्यरेषा बरोबर टिपली आहे. फक्त त्या डोंगराला चहूबाजूंनी फेरी मारता येते, कागदाच्या त्रिकोणाला तशी येत नाही, हे बोलण्यात येऊ द्या.

फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे जे काम सुरू केलं, त्यातून बालवाडीची कल्पना जगभर गेली. त्यांच्या साधनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी चेंडू, दंडगोल, ठोकळा अशा भरीव वस्तू, मग सपाट फरशा, मग काड्या. हातात मावणाऱ्या वस्तूपासून कागदावरच्या रेषेकडे. आपण बहुतेक ठिकाणी उलटं जातो आणि कागदापासून सुरुवात करतो.

यासाठी साहित्य विकत आणू नका. भांडी बाजारात जे मिळतं ते आपल्या फडताळात आहेच. वाटी, गडू, उभा डबा, झाकण. गणपतीनंतर उरलेला शाडू थापून सपाट करा आणि त्यावर वाटी पालथी दाबा. उमटलं ते वर्तुळ. डब्याचं बूड दाबलं तरी वर्तुळ, आणि तोच डबा आडवा करून लोळवला तर पट्टा. द्राक्षांच्या हंगामात पुठ्ठ्याचे खोके घरोघर असतात. खोका कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, मग दुसऱ्या अंगावर ठेवा, मग उभा करा. एका खोक्यातून लहानमोठे आयत निघतात, आणि "खोका" वेगळा, त्याचा "आयत" वेगळा, हे मुलाला आपसूक दिसतं.

लाल वर्तुळ, निळा चौरस

तक्त्यात वर्तुळ कायम लाल आणि चौरस कायम निळा असेल, तर मूल रंग पाठ करतं. एकदा सगळे आकार पांढऱ्या कागदाचे कापून विचारून पाहा.

हाती पेन्सिल फार लवकर

याबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे, कारण इथे मुलं रडतात. ठिपके जोडून त्रिकोण काढायचं पान लहान गटातल्या मुलांना घरी दिलं जातं, टोकं जुळत नाहीत, आई रबराने खोडते, मूल पुन्हा काढतं, कागद फाटतो. साधारणपणे तीन वर्षांच्या सुमारास मुलाला वर्तुळ पाहून काढता येतं, चार-साडेचारला चौरस, पाचच्या आसपास त्रिकोण, आणि शंकरपाळीचा आकार सहा-सात वर्षांपर्यंत जमत नाही. तिरकी रेष काढणं हाताला आणि डोळ्याला खरंच अवघड असतं. थोडं मागेपुढे प्रत्येकाचं होतं. चार वर्षांच्या मुलाला त्रिकोण ओळखता येतो आणि काढता येत नाही, यात काहीही बिघडलेलं नाही.

आकार समजला का, हे पाहायला पेन्सिल लागत नाही. कापडी पिशवीत पुठ्ठ्याचे आकार टाका, मुलाने न बघता हात घालून "तीन कोपऱ्यांचा" काढायचा. हीर मांडून करायचा. दोरीचं वेटोळं तिघांनी ताणून धरायचं. पालकांनी घरी एवढंच केलं तरी ते पान कोरं राहिलं म्हणून काही अडत नाही.

इथे हमखास अडतं

कोपरे मोजताना मूल थांबतच नाही, फिरून पहिल्या कोपऱ्यावर येतं आणि "पाच, सहा" म्हणत राहतं. ही आकाराची अडचण नसून मोजण्याची आहे. प्रत्येक कोपऱ्यावर एक चिंचोका ठेवायला सांगा, मग चिंचोके उचलून मोजू द्या.

लंबगोलालाही वर्तुळ म्हणत असेल तर अंगणात खिळा, दोरी आणि खडू घ्या. दोरी ताणून धरत फिरलं की वर्तुळ होतं, कारण खिळ्यापासून कड सगळीकडे सारखी लांब राहते. तीच दोरी पुठ्ठ्याच्या लंबगोलावर मधोमध धरून फिरवली की कुठे पुरत नाही, कुठे उरते.

नाव बरोबर सांगतं पण कारण सांगता येत नाही, असं असेल तर "हा कोणता आकार?" हा प्रश्न काही दिवस बंद ठेवा. "कसं ओळखलंस?" आणि "हा का नाही?" हे दोनच विचारा. पहिले काही दिवस मुलं खांदे उडवतात. थांबा, उत्तर पुरवू नका.

शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घर मराठी, असं असेल तर "सर्कल", "गोल", "वर्तुळ" यांपैकी मुलाने काहीही म्हटलं तरी चालू द्या. आकार कळलेल्या मुलाला दुसरं नाव शिकायला वेळ लागत नाही. आजीला शाळेतलं नाव शिकवायचं काम मुलावर सोपवा, ते आनंदाने करतात.

आणि पाच वर्षं उलटल्यावरही मूल दोन सारखे तुकडे समोरासमोर ठेवून जुळवू शकत नसेल, डोळे बारीक करत असेल, कागद नाकाशी नेत असेल, तर आकारांचा सराव वाढवण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. नंबर असलेलं मूल आपल्याला नीट दिसत नाही असं सांगत नाही, कारण नीट दिसणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. तोवर ते "लक्ष देत नाही" म्हणून बोलणी खात राहतं. शिक्षिकेला असं काही दिसलं, तर पालकांना त्याच दिवशी सांगावं.