कफ पातळ करणारं नवं औषध लॅबमध्ये तपासायचंय? मग हे वाचा

सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात घट्ट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या पेशंटचा कफ नुसता घट्ट नसतो, चिमटीत धरून ओढला तर तार येते. म्युसिन या कफातल्या प्रथिनाचे लांबलचक रेणू डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या दोन अणूंमधल्या जोडणीने) एकमेकांना जोडलेले असतात, वर मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए. म्हणून आधी हे ठरवा की आपलं औषध नक्की तोडतंय काय. एनएसी (एन-अॅसिटिलसिस्टीन, कफ पातळ करणारं औषध) डायसल्फाइड बंध तोडतं, 1993 साली अमेरिकेत मंजुरी मिळालेलं डॉर्नेज अल्फा डीएनए कापतं. नवं औषध बंध तोडणारं असेल तर पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून (म्हणजे तुलनेसाठी, परिणाम नक्की दिसेल असं) डीटीटी (डायथायोथ्रायटॉल, बंध तोडणारं रसायन) लावा, ते फक्त लॅबपुरतं, पेशंटला द्यायचं नाही.

सॅम्पल घेताना पेशंटला आधी चूळ भरायला सांगा, थुंकी मिसळली की आकडे बिघडतात. डबी लगेच बर्फात. आणि आपल्याकडे टीबी आहे हे विसरू नका, कफ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (जंतू बाहेर येऊ न देणाऱ्या, हवा गाळणाऱ्या कपाटात) उघडायचा, इथे कृपया घाई करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका पेशंटचा कफ दुसऱ्यासारखा नसतोच, पण एकाच डबीतला वरचा आणि खालचा कफसुद्धा सारखा नसतो, त्यामुळे आधी हलक्या हाताने एकजीव करा (व्होर्टेक्स, म्हणजे नळी जोरात घुसळणारं यंत्र, नको, त्यानेच म्युसिनची जाळी तुटते), मग त्याच सॅम्पलचे भाग पाडा, एकात औषध, एकात डीटीटी, एकात तेवढंच नुसतं बफर (औषध ज्यात विरघळवलंय ते द्रावण, औषधाशिवाय) आणि एक तसाच. बफरवाला भाग बरेच जण गाळतात, पण कफात पाणी घातलं तरी तो पातळ होतो, मग औषधाने काय केलं ते कळणार कसं?

37 अंशाला ठेवून मग रिओमीटरवर (घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रावर) जी प्राइम (कफ किती लवचीक) आणि जी डबल प्राइम (कफ किती वाहता) बघा. स्ट्रेन (कफ किती ताणला जातो ते) कमी ठेवा, प्लेटखाली बुडबुडा नको, आणि कडा सुकू देऊ नका, सुकल्या की कफ खोटा घट्ट दिसतो. बंध खरंच तुटले का ते बघायला आयोडोअ‍ॅसिटामाइडने (तुटलेले बंध पुन्हा जुळू न देणाऱ्या रसायनाने) रिअ‍ॅक्शन थांबवून अ‍ॅगारोज जेलवर म्युसिनचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) करा, तुकडे लहान झाले असतील तर पट्टा खाली सरकलेला दिसेल.

शेवटी श्वासनलिकेच्या पेशी एअर-लिक्विड इंटरफेसवर (खाली द्रव, वर हवा अशा) वाढवून औषध त्यांच्यावर टाका. पेशी मरत नाहीत ना हे तर बघाच, पण कफ वाहतोय का तेही बघा, कारण अगदी पाण्यासारखा झालेला कफ सिलियांना (पेशींवरच्या हलणाऱ्या बारीक केसांना) नीट पुढे ढकलता येत नाही.