बोअर कुठे, सेप्टिक टँक कुठे?

सोलापूरजवळ केगावला आम्ही घर बांधलं, तेव्हा गवंड्याने शोषखड्डा (सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) बोअरपासून जेमतेम २० फुटांवर आखला होता. ती फक्की मी पुसायलाच लावली. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब हवा. शेजाऱ्याच्या विहिरीपासूनचं अंतरही मोजा. लोक नेमकं तेच विसरतात.

नुसत्या अंतराने भागत नाही. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा कातळ. काळी माती भिजली की फुगते, पाणी जिरू देत नाही. कातळाच्या भेगांतून मात्र घाण पाणी लांबवर जातं. म्हणून आधी खड्डा खणून पाणी ओता, किती वेळात जिरतं ते बघा. बोअर शोषखड्ड्याच्या वर, चढाच्या अंगाला घ्या. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाशी घालतात तो पाइप, पक्क्या कातळात बसवून भोवती सिमेंट भरा.

शेतजमीन असेल तर बिगरशेतीचे सध्याचे नियम आधी विचारून घ्या, मग बांधकाम परवाना काढा. पावसाळ्यात पाणी तपासा: १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) अजिबात नको, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत.

टाकीतला गाळ दर २-३ वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलावूनच उपसा. माणूस आत उतरवू नका. विषारी वायूने जीव जातो.