फ्लेक्स तपासताना या चुका टाळा

मंडळाचा फ्लेक्स, वीस बाय दहा. प्रूफ पाच जणांनी बघितलं, त्यात मीही. लालबागच्या नाक्यावर फ्लेक्स चढला आणि खालून एक शाळकरी पोरगी म्हणाली, "काका, 'सावर्जनिक' झालंय." रफार 'व'वरून घसरून 'ज'वर बसला होता.

चूक कुठे झाली? शब्द ओळखला म्हणजे वाचला, असं आम्ही धरून चाललो. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नॅव्हन यांनी १९७७ मध्ये लोकांना छोट्या अक्षरांनी रचलेली मोठी अक्षरं दाखवली. समजा, बारक्या 'म'नी काढलेला मोठा 'क'. मोठं अक्षर लोक झटकन सांगत. छोटं विचारलं आणि ते मोठ्याशी जुळत नसलं, की अडखळत. मोठं सांगताना मात्र छोट्यांची अडचण होत नसे. दादरला इंडिकेटरवर आपण 'कर्जत' वाचतो, त्यातले दिवे कोण बघतं? गाडी पकडायला हे बरं, प्रूफला घातक. म्हणून डिझाइन बाजूला ठेवा आणि नुसता मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचा. रफार, अनुस्वार, वेलांट्या यांची फेरी वेगळी.

उलटी चूक आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची: चारशे टक्के झूम लावून बसणं. आकृती नजरेत फार मोठी पसरली की बारीक अक्षरंच आधी दिसतात, हे किंचला आणि वुल्फ या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवलं. शिवाय अगदी स्पष्ट दिसतं ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेत. मग वेलांटी सुबक होते, पण एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव जातं. यावर फुकटचा उपाय आहे. प्रूफ मोबाइलवर आडवं उघडून हात लांब धरा. वीस फुटी फ्लेक्स शंभर फुटांवरून साधारण एवढाच दिसतो. कार्यक्रमाची तारीख वाचता येत नसेल, तर रस्त्यावरूनही येणार नाही.

आणि प्रूफ मजकूर माहीत नसलेल्याला दाखवा. अध्यक्षांना दाखवून उपयोग नाही, ते आपला फोटो बघतात.

आमच्या फ्लेक्सला शेवटी रात्री शिडी लावून अख्ख्या शब्दावर नवा स्टिकर चिकटवला. कडा जवळून दिसतात. शंभर फुटांवरून नाही.